काळ्या रानातली 9 फुटी रिटेनिंग वॉल: निपाणी-चिकोडी भागासाठी सल्ला हवा

वेदगंगाकाठ

नमस्कार मंडळी. निपाणीच्या बाहेर, चिकोडी रस्त्याला आमचा सहा गुंठ्यांचा एनए प्लॉट आहे. घराचं काम दिवाळीनंतर काढायचं ठरतंय. जागा उताराची आहे: वरच्या अंगाला शेजाऱ्यांचं उसाचं रान, खालच्या अंगाला रस्ता. घरापुरती सपाटी करायची तर मागच्या बाजूला साधारण 9 फूट उंचीचा उभा काप निघतो, लांबी 60 फूट. माती पूर्ण काळी. उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आद्रा लागल्या की त्याच जागी पाय घोट्यापर्यंत रुततो.

कंत्राटदार म्हणतोय, माती अडवायला 9 इंच जाडीची आरसीसी भिंत (रिटेनिंग वॉल) उभी करू, खाली 3 फूट रुंदीचा पाया, आणि निघालेली माती मागे ढकलून देऊ. स्वस्तात होतंय खरं. पण आमच्या भागात अशा भिंतींना पोट सुटलेलं मी पाहिलंय. एक तर 2019 च्या ऑगस्टमधल्या पावसात आडवीच झाली. घरात लहान मुलं आहेत आणि स्वयंपाकघराची खिडकी भिंतीपासून जेमतेम 8 फुटांवर येणार. जाडी किती घ्यावी, पाया किती, मागे काय भरावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

ओळंबा

दादा, जाडी मागनं बगू. आधी सांगा, वरच्या उसाला पाणी कसं सोडतात? पाटानं का ठिबकनं? आनि त्यो पाट तुमच्या हद्दीपासनं किती लांब हाय?

वेदगंगाकाठ

पाटानं, मामा. वेदगंगेवरून लिफ्टचं पाणी येतं. शेवटचा पाट आमच्या हद्दीला चिकटूनच जातो.

ओळंबा

मग तुमच्या भितीला पावसाळा बारा म्हैने हाय म्हणा की. मी बेळगाव, हिंडलगा, काकती, संकेश्वर सगळीकडं गवंडीकाम केलो. पडलेली भित उकरून बगितलो तर मागं चिखलच सापडतोय. सिमेंट कमी पडलं म्हणून पडलेली भित लई कमी. पाणी अडकलं म्हणून पडलेल्याच जास्त. तुमच्या कंत्राटदारानं भोकांचं काय सांगितलंय काय?

वेदगंगाकाठ

वीप होलचा, म्हणजे मागचं पाणी बाहेर सोडणाऱ्या भोकांचा, विषयच निघाला नाही.

अनगोळकर_स्ट्रक्चरल

ओळंबामामांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. आकडे मांडतो, म्हणजे ते असं का म्हणतात ते दिसेल.

पायाच्या तळापासून 3 मीटर उंचीची भिंत धरा. मागे चांगला मुरूम, त्याचा घर्षणकोन (दाणे न घसरता जितक्या उतारावर टिकतात तो कोन) 30 अंश, वजन घनमीटरला 1.8 टन. हा भराव कोरडा असेल तर दर मीटर लांबीमागे 2.7 टनांचा आडवा जोर लागतो, तळापासून 1 मीटर उंचीवर. आता याच भरावात वरपर्यंत पाणी साचू द्या. माती पाण्यात बुडाल्यामुळे तिचा वाटा 1.5 टनांवर उतरतो, पण नुसत्या पाण्याचे 4.5 टन वाढतात. बेरीज 6 टन. भिंत तीच, लोखंड तेच आणि भार दुपटीच्या वर. तुमच्या 60 फुटांच्या लांबीत हा फरक सुमारे 60 टनांचा होतो. कंत्राटदाराने भिंत 9 च्या जागी 12 इंच केली तरी हा हिशेब सुटत नाही. 4 इंची पीव्हीसीचे तुकडे आणि मागे खडीचा थर नीट बसवला की सुटतो.

दुसरं, उंची. मातीचा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो आणि भिंतीला बुडाशी वाकवणारा परिणाम घनाने. म्हणजे गावात 5 फुटी भिंत टिकली म्हणून तीच पद्धत 10 फुटांना लावली, तर बुडाशी 8 पट ताण येतो. अनुभवी माणसंही इथं फसतात, कारण नजरेला उंची फक्त दुप्पट दिसते.

आणि हे सगळं मुरमाचं सांगितलं. काळ्या मातीला वरचं सूत्र लावूच नये. आपल्याकडची काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली आहे आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं. कोंडून ठेवलेल्या काळ्या मातीचा फुगण्याचा दाब प्रयोगशाळेत चौरस मीटरला 20 टनांच्या वरही मोजला जातो. वरच्या उदाहरणात मुरमाचा दाब अगदी बुडाशी किती होता? चौरस मीटरला 1.8 टन. भिंत जराशी हलली की फुगण्याचा दाब झपाट्याने उतरतो, म्हणून अशी भिंत एका पावसात उडत नाही. ती दरवर्षी थोडी सरकते. उन्हाळ्यात माती आकसून भिंतीमागे फट पडते, वरची सुटी माती त्या फटीत घरंगळते, मृगाचं पाणी आलं की फुगायला जागा उरलेली नसते आणि भिंत पुन्हा पुढे ढकलली जाते. मागे सरकायची सोय तिला नसतेच. तुम्ही पाहिलेलं पोट असं वर्षानुवर्षं साठत गेलेलं असतं.

शहापूरकर

एक शंका आहे. वीप होल ठेवले तर वरच्या शेताचं पाणी सगळं आपल्याच अंगणात येणार. माझ्या माहितीतल्या एकांनी याच कारणासाठी भोकं ठेवली नाहीत, उलट मागून वॉटरप्रूफिंग केलं आणि भिंत जाड केली. अंगण कोरडं राहिलं. हे चुकीचं कसं?

अनगोळकर_स्ट्रक्चरल

अंगण कोरडं राहिलं याचा अर्थ पाणी मागे थांबलंय. ते पेलायचं ठरवून भिंत बांधता येते. पाण्याच्या टाकीची भिंत तशीच बांधतात. पण मग लोखंड आणि पायाची रुंदी टाकीच्या हिशेबाने लागते, आणि पाण्याने मऊ झालेल्या काळ्या मातीवर पाया उभा राहतो तो वेगळाच. पाणी अंगणात नको ही अडचण खरी आहे, तिला उत्तर भिंतीच्या पायथ्याशी गटार. 9 इंच रुंद, सिमेंटचं, रस्त्याच्या बाजूला उतार दिलेलं. वीप होलचं पाणी त्यात पडेल आणि बाहेर जाईल.

वीप होल 3 ते 4 इंच व्यासाचे, आडवे-उभे 1 ते 1.5 मीटर अंतरावर, वरच्या ओळीतलं भोक खालच्या दोन भोकांच्या मधोमध येईल असे. पाइपाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार हवा. खालची ओळ पुढच्या जमिनीपासून 6 इंच ते 1 फूट उंचीवर. फार वर ठेवली तर तिच्याखाली पाणी कायम राहतं.

ओळंबा

आनि पाइपाच्या मागं नुसती काळी माती लागली तर पयल्याच पावसात भोक बुजतंय. म्या बगितलोय, भित बांधणाऱ्यानं पाइप टाकतोय, फोटू काढतोय, आनि मागं जेसीबीनं माती लोटतोय. असल्या पाइपातनं मुंगळं येतात, पाणी न्हाई.

खानापूरची_लेक

नमस्कार. माहेर खानापूर, सध्या कॅनडात ओटावाला असते आणि जमीन-पाया याच क्षेत्रात काम करते. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण इथे आमच्या पुढ्यात रोज येणारा प्रश्न आणि तुमचा प्रश्न यांचं मूळ एकच आहे.

इथली जमीनही चिकणमातीची. हजारो वर्षांपूर्वी इथे शॅम्प्लेन समुद्र पसरला होता, त्याच्या तळाशी बसलेली ही माती. तिला लेडा क्ले म्हणतात. झाडांनी पाणी ओढलं की आकसते, घरांचे पाये बसतात. काही ठिकाणी तर हलवली की पातळ होऊन वाहायला लागते. ओटावाच्या पूर्वेला लेमियू नावाचं गाव होतं. जमीन धोक्याची म्हणून तिथली वस्ती आधीच हलवली आणि 1993 मध्ये गावाशेजारचा मोठा तुकडा खरोखरच नदीत घसरला. वेळेवर मातीची तपासणी झाली म्हणून माणसं वाचली. तपासणीवर पैसे घालायला कुणी नको म्हणालं की मी हे उदाहरण सांगते.

त्यात इथे थंडी. जमीन वरून 1.5 ते 1.8 मीटर खोलीपर्यंत गोठू शकते. लोकांना वाटतं पाण्याचा बर्फ होताना 9 टक्के फुगवटा येतो तेवढंच. पण खरं नुकसान त्याहून वेगळ्या रीतीने होतं. बारीक कणांच्या मातीत गोठणारा थर खालच्या न गोठलेल्या मातीतून पाणी वर ओढत राहतो आणि बर्फाचे पातळ थर वाढत जातात. गोठलेला तुकडा कापून पाहिला तर चिरोट्याच्या पदरांसारखे एकावर एक थर दिसतात, माती, बर्फ, माती, बर्फ. त्यामुळे जमीन 9 टक्क्यांच्या कितीतरी पट उचलली जाते. रिटेनिंग वॉलच्या बाबतीत थंडी नुसती वरून येत नाही, भिंतीच्या उघड्या तोंडातूनही आत शिरते. मग बर्फाचे थर भिंतीला समांतर, उभे वाढतात आणि ढकलतात ते सरळ पुढे. वसंतात बर्फ वितळतो, माती सैल होऊन खाली बसते, भिंत मात्र जागेवर परतत नाही. पुढच्या हिवाळ्यात तोच प्रकार. अनगोळकरांनी भेगांचं चक्र सांगितलं ना, तेच हे, फक्त इथे ते हिवाळ्यात फिरतं.

असं व्हायला तीन गोष्टी एकत्र लागतात: गोठणारं तापमान, पाणी आणि बारीक माती. तापमान आमच्या हातात नाही, म्हणून उरलेल्या दोन्ही काढायच्या. भिंतीमागे थंडी जिथवर पोचते तिथवर स्वच्छ खडी-वाळू भरतात. आर्थर कासाग्रांदे यांनी 1931 मध्ये मांडलेली कसोटी अजून वापरात आहे: नाना आकारांच्या कणांची मिसळ असलेल्या वाळू-खडीत 0.02 मिलिमीटरहून बारीक कण 3 टक्क्यांपेक्षा कमी असले तर बर्फाचे थर सहसा धरत नाहीत. भरावाच्या तळाशी भोकांचा पाइप, त्याचं तोंड उतारावर उघडं. काँक्रीट भिंतीचा पाया गोठण्याच्या खोलीखाली नेतात किंवा बाजूने फोमचे जाड तक्ते लावून थंडी अडवतात. नुसत्या वीप होलवर इथे कुणी विसंबत नाही, कारण ऐन वेळी त्यांच्या तोंडाशी बर्फाचं बूच बसतं. काँक्रीटमध्ये मुद्दाम 5 ते 8 टक्के सूक्ष्म हवेचे बुडबुडे ठेवतात, नाहीतर गोठण्या-वितळण्याने पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात.

निपाणीला पाणी गोठणार नाही. फोम, बुडबुडे, गोठण्याची खोली यातलं काही तुम्हाला लागत नाही. पण मागची बारीक माती काढून तिथे निचऱ्याचा भराव घालणं जसंच्या तसं लागू आहे.

हिमांक_निवृत्त

ताई, फार चांगलं सांगितलंत. मी बेळगाव तालुक्यातला. सीमा सडक संघटनेच्या हिमांक प्रकल्पात लडाखला होतो. तिकडे पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश जातो, तरी सुक्या दगडाच्या भिंती उभ्या राहतात. दोन कारणं. एक म्हणजे तिकडची हवा कोरडी, जमिनीत पाणीच कमी. जिथे बर्फ वितळून झिरपतं, त्याच वळणावर भिंत जाते, शेजारच्या कोरड्या वळणावर तशीच भिंत ठाम असते. दुसरं, सुक्या दगडी भिंतीत आणि गॅबियनमध्ये, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचलेल्या भिंतीत, पाणी थांबत नाही आणि जमीन थोडी हलली तर भिंतही अंग बदलते, तडकत नाही.

डोंगरी भागातल्या अशा भिंतींसाठी भारतीय मानक आहे, आयएस 14458. त्याच्या पहिल्या भागात कुठल्या जागी कुठली भिंत निवडायची, दुसऱ्यात डिझाइन, तिसऱ्यात सुक्या दगडी भिंतीचं बांधकाम. वेदगंगाकाठ, जागा असेल तर गॅबियनचा विचार करा. आपल्याकडे काळा दगड मुबलक आहे. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून जास्त लागते, म्हणजे 9 फुटांना 5 ते 6 फूट जागा जाईल. आंबोलीच्या घाटात जुन्या दगडी भिंती आहेत, एकदा जाऊन दरजा बघा. पावसात तिथून पाणी वाहताना दिसेल.

वेदगंगाकाठ

काका, जागेचीच तर ओढ आहे. 6 फूट भिंतीत गेले तर मागचं दार उघडायचं कुठे असा प्रश्न येईल. आरसीसीच करावी लागेल असं वाटतं. ताई, मागे निचऱ्याचा भराव म्हणजे नेमका किती?

अनगोळकर_स्ट्रक्चरल

मी सांगतो. पायाच्या मागच्या टोकापासून 45 अंशाची तिरपी रेघ वर काढा. त्या रेघेच्या आत काळी माती ठेवायची नाही. 3 मीटर उंचीला ही पाचर वरच्या बाजूला 3 मीटर रुंद होते. तुमच्या लांबीला साधारण 82 घनमीटर, म्हणजे 29 ब्रास. पायाच्या वरचा भराव धरून थोडं वाढेल. खर्च ऐकून दचकाल, पण भिंतीची जाडी आणि लोखंड ज्या हिशेबाने काढतो तो हिशेब हा भराव असेल तरच खरा आहे.

भिंतीला चिकटून 12 ते 18 इंचांचा थर 40 एमएम खडीचा, तळापासून वरपर्यंत. खडी आणि मुरूम यांच्यामध्ये न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे मुरमातली बारीक माती खडीत उतरणार नाही. कापड मिळालं नाही तर जुन्या पद्धतीने मोठी खडी, मग बारीक खडी, मग वाळू असा चढता थर. बुडाशी 4 इंची भोकांचा पाइप, खडीत गुंडाळलेला, 100 फुटांना 1 फूट उताराने एका टोकाला बाहेर काढलेला. त्यामागे मुरूम, 8-8 इंचांचे थर, पाणी मारून हलक्या कॉम्पॅक्टरने दाबलेले. भिंतीच्या 1 मीटरच्या आत जड रोलर किंवा जेसीबी आणू नका. भराव दाबताना येणारा जोर भिंतीच्या हिशेबात धरलेला नसतो.

सगळ्यात वर दीड फूट तांबडी चिकण मुरमाड माती दाबून बसवा, उतार मागे, म्हणजे भिंतीपासून दूर. वरून पडलेलं पाणी भरावात शिरायलाच नको.

अथणी_शिवार

आमच्याकडे काळी माती 10-12 फुटांनीही संपत नाही. मुरूम लांबून आणावा लागतो. भरावासाठी कुठली माती चालेल हे घरी कसं ओळखायचं?

अनगोळकर_स्ट्रक्चरल

एक चाचणी अगदी सोपी आहे, आयएस 2720 च्या 40 व्या भागातली. माती वाळवून, कुटून 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. 10-10 ग्रॅमचे दोन भाग करून 100 मिलीच्या दोन काचेच्या नळ्यांत घालायचे. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल, 100 च्या खुणेपर्यंत. ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि 24 तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमधली पातळी 10 आणि पाण्यातली 16 आली तर फुगवटा 60 टक्के. 50 च्या वर गेला तर माती अतिशय फुगणारी, 20 च्या आत असेल तर फुगण्याचा त्रास कमी. घरच्या चाचणीवर भिंत बांधू नका, पण चार खाणींतला कुठला मुरूम घ्यायचा हे ठरवायला ती पुरेशी आहे. आकडे कागदावर हवे असतील तर बेळगावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या माती प्रयोगशाळेत विचारा.

आणि अथणीच्या मंडळींना जवळचं असं एक काम सांगतो. काळ्या रानातून जाणाऱ्या कालव्यांची अस्तरं फुगून फुटायची, मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांनाही हा त्रास झाला. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी त्यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. काळी माती आणि अस्तर यांच्यामध्ये चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर घालायचा, पाऊण ते एक मीटर जाडीचा, नीट दाबलेला. या थराखाली काळ्या मातीचं फुगणं आवरलं जातं. पुढे हे भारतीय मानकातही आलं. म्हणजे सगळीकडे महाग वाळूच हवी असं नाही, जवळची न फुगणारी तांबडी माती शोधणं महत्त्वाचं. भिंतीच्या बाबतीत मात्र खडीचा निचरा थर सोडू नका, तांबडी माती त्याच्या मागे येईल.

अथणी_शिवार

आणि चुना मिसळून?

खानापूरची_लेक

चालतो. 3 ते 6 टक्के चुना काळ्या मातीत एकजीव केला तर फुगणं बरंच उतरतं, माती भुसभुशीत होते. पण "एकजीव" हा शब्द महत्त्वाचा. ढेकळांवर चुना शिंपडून उपयोग नाही. ओली चिकट काळी माती हाताने मिसळत नाही, ती वाळवून, फोडून, रोटाव्हेटरने मिसळावी लागते. उन्हाळ्यात काम असेल तर जमेल, मृगानंतर नाही.

ओळंबा

लोखंडाचं कुणी बोललं न्हाई अजून, म्हणून लिवतोय. दादा, सळी बांधून झाली की काँक्रीट टाकायच्या आधी सोता जाऊन बगा. जाड उभी सळी मातीच्या अंगाला पायजे. आमच्यातली लई पोरं कॉलमचं काम करून आलेली, ती एकच जाळी मधोमध न्हाईतर भायेरच्या अंगाला लावतात. बगायला सरळ, पन कामाला शून्य.

अनगोळकर_स्ट्रक्चरल

मामा, हा मुद्दा ठळक अक्षरात लिहायला हवा. माती ढकलते, भिंत पुढे वाकते, म्हणजे ताणली जाते ती मागची, मातीकडची बाजू. काँक्रीट ताण सोसत नाही, सळी सोसते, म्हणून सळी तिकडेच हवी. पायात उलटसुलट आहे: भिंतीपुढच्या भागात, म्हणजे टोमध्ये, मुख्य सळी खाली, आणि भिंतीमागच्या भागात, म्हणजे हीलमध्ये, मुख्य सळी वर. मातीला लागणाऱ्या बाजूला सळीवर 2 इंच काँक्रीटचं कव्हर, त्यासाठी काँक्रीटचे कव्हर ब्लॉक. दगडाचे किंवा विटांचे तुकडे चालणार नाहीत.

कंत्राटदाराच्या 3 फुटी पायाबद्दल: पायाची रुंदी साधारण उंचीच्या निम्म्यापासून 0.7 पटीपर्यंत येते. तुमच्या उंचीला 3 फूट कुठल्याच हिशेबात बसत नाहीत, 5.5 ते 6.5 फूट लागतील. भिंत बुडाशी 12 इंच आणि वर 8 इंच अशी निमुळती. उलथण्याविरुद्ध निदान 2 आणि सरकण्याविरुद्ध 1.5 सुरक्षा गुणांक (भिंतीची ताकद येणाऱ्या जोराच्या किती पट) येतो का ते तुमच्या इंजिनिअरकडून लेखी घ्या. सरकण्याचा गुणांक बहुतेक वेळा कमी पडतो, तेव्हा पायाखाली काँक्रीटची शिअर की, म्हणजे जमिनीत रुतणारा दाता, उतरवावी लागते. पाया काळ्या मातीत थांबवू नका, मुरूम लागेपर्यंत जा. दर 5-6 मीटरला उभा सांधा ठेवा, नाहीतर भिंत आपली जागा बघून तडकेल.

शहापूरकर

वीप होल आणि गटाराचं पटलं. पण 6 फुटांचा पाया शेजाऱ्याच्या उसाखाली जाणार नाही का? भिंत हद्दीवर आहे ना?

अनगोळकर_स्ट्रक्चरल

अगदी योग्य प्रश्न, आणि हा घर बांधून झाल्यावर भांडणात निघतो. हील म्हणजे पायाचा मागचा भाग, त्यावर बसलेल्या मातीचं वजन भिंतीला धरून ठेवतं. हद्दीवर भिंत बांधली तर हील शेजाऱ्याच्या जमिनीत जातं. दोन वाटा. एक, भिंत हद्दीपासून 3-4 फूट आत घ्या, हील आणि खडीचा थर आपल्याच जागेत ठेवा. दुसरी, हील न ठेवता सगळा पाया पुढे काढा, एल आकाराची भिंत. पण मग मातीचं वजन मदतीला येत नाही, पाया आणखी रुंद लागतो आणि खिडकीखालपर्यंत येतो. दोन्हींत भरावाची पाचर मात्र शेजाऱ्याच्या रानात शिरणारच, काळी माती काढून परत भरून द्यावी लागेल. त्यासाठी आधी मोजणी करून उताऱ्याप्रमाणे हद्दीचे दगड घाला आणि शेजाऱ्यांशी काम सुरू व्हायच्या आधी बोला.

वेदगंगाकाठ

शेजारी चांगले आहेत, आमच्या वडिलांच्या ओळखीतले अण्णा आहेत, नाही म्हणणार नाहीत. पाटाचं काय करावं?

ओळंबा

अण्णांना सांगून पाट 15-20 फूट वर सरकवा, न्हाईतर तेवढ्या पट्ट्यात पाइप घालून द्या तुमच्या खर्चानं. आनि हद्दीच्या वर आडवा चर मारा, सिमेंटचा, पाणी बाजूनं रस्त्याकडं काढा. भितीवर दहा रुपय खर्च करणार त्यातला येक रुपया या चरावर घाला. संडासची टाकी आनि शोषखड्डा पन भितीच्या मागं नको.

हिमांक_निवृत्त

आणखी एक पर्याय सुचवतो. एकच 9 फुटी भिंत का? दोन टप्पे करा, साडेचार-साडेचार फुटांचे. अनगोळकरांच्याच हिशेबाने उंची निम्मी झाली की जोर चौथाई होतो. घाटात आम्ही जागा मिळेल तिथे असंच करायचो.

अनगोळकर_स्ट्रक्चरल

काका, मला हाच पर्याय सगळ्यात आवडतो, फक्त एक अट. वरची भिंत खालच्या भिंतीच्या डोक्यावर बसता कामा नये. खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट तरी मागे हवी, म्हणजे 9 फूट. त्याहून जवळ घेतली तर वरच्या भिंतीचा भार खालचीवर येतो आणि दोन छोट्या भिंतींऐवजी एकच मोठी भिंत समजून हिशेब करावा लागतो. मधल्या पट्टीत वाळा लावा. त्याची मुळं खोल जातात आणि माती धरतात. निलगिरी किंवा बांबू नको, ते पाणी ओढून जमीन असमान आकसवतात.

वेदगंगाकाठ

सहा गुंठ्यांत 9 फूट मधे सोडणं अवघड आहे, पण घर 5 फूट पुढे घेतलं आणि पार्किंग बाजूला नेलं तर बसेल असं पत्नीने कागदावर मांडून दाखवलंय. तिला त्या मधल्या पट्टीत परसबागही हवी आहे. चालेल का?

खानापूरची_लेक

वहिनींना सांगा, आळ्याने पाणी घालायची झाडं नकोत. कढीपत्ता, गवती चहा, वाळा, अशी कमी पाण्याची लावा. रोज पाइप सोडून भिजवायची बाग असेल तर तो पाटच परत आणल्यासारखं होईल. मिरच्या-कोथिंबीर घराच्या पुढच्या बाजूला.

वेदगंगाकाठ

सांगितलं. तिला पटलं. आता कामाचा क्रम विचारतो. कंत्राटदार म्हणतो भिंत झाली की आठवड्याभरात भराव घालून टाकू, जेसीबी आलेलाच असतो.

अनगोळकर_स्ट्रक्चरल

नाही. एम 25 काँक्रीटची पूर्ण ताकद 28 दिवसांच्या हिशेबाने धरलेली असते. तोवर मागे भराव नको, पाणी मारणं मात्र पहिल्या दिवसापासून. दिवाळीनंतर सुरू करताय हे उत्तम. काप एकदम 60 फूट उघडा करू नका, 15-20 फुटांचे तुकडे करून एकाआड एक घ्या, वरची माती सुटणार नाही. आणि कापाच्या खाली मजूर असताना वर जेसीबी किंवा उसाची ट्रॉली उभी राहणार नाही याची जबाबदारी एका माणसावर सोपवा. ऊसतोडीचा हंगाम त्याच वेळी असतो.

वेदगंगाकाठ

अण्णांना भेटून आलो. पाट वर घ्यायला आणि तोड लवकर उरकायला तयार आहेत. मातीचे नमुने पुढच्या आठवड्यात बेळगावला नेतोय. किती खोलीवरचे घेऊ?

अनगोळकर_स्ट्रक्चरल

वरच्या 1 फुटातली माती टाकून द्या, तिच्यात मुळं आणि खत असतं. एक नमुना 3 फुटांवरचा, एक 6 फुटांवरचा आणि एक पाया जिथे बसणार तिथला. प्रत्येकी 5 किलो, प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून, आत खोलीची चिठ्ठी. पिशव्या उन्हात ठेवू नका, ओलावाही मोजायचा असतो. ज्या मुरमाचा भराव घालणार त्याचीही एक पिशवी सोबत न्या.